कुंडीवर खोकं पालथं घाला

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी कलांचो फुलांसकट आणला. ती फुलं गेली ती गेलीच. झाड मात्र दुप्पट झालंय, पानं तकतकीत. हॉलमध्ये खिडकीशी असतो, ऊन भरपूर, दर पंधरवड्याला खतही देते. तरी हिवाळ्यात एक कळी नाही. काय चुकतंय?

उत्तर : ऊन नाही, खतही नाही. रात्री हॉलमधला दिवा किती वाजता मालवता, ते सांगा! अकरा वाजत असतील, तर कलांचोच्या लेखी हिवाळा आलेलाच नाही.

हे झाड रात्र मोजतं. सलग मोठी रात्र मिळाली तरच कळ्या धरतं. दिवस किती लांब यावर झाडाचं फुलणं ठरतं, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली छापलं. उन्हाळ्यात काही केल्या न फुलणारा तंबाखू त्यांनी रोज काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवला, आणि तो फुलला.

तुम्हाला खोपट नको, पुठ्ठ्याचं खोकं पुरे. संध्याकाळी ६ वाजता कुंडीवर पालथं घालायचं, सकाळी ८ला काढायचं. असे १४ तास, रोज, सहा आठवडे. दिवसा कुंडी पुन्हा उन्हात. मधेच खोकं उचलून ‘कळी आली का’ बघायचं नाही. पहिल्या वर्षी मी खोकं नेमाने घातलं, पण उचलायला असतात ना बाजूंना दोन भोकं, ती बुजवायची राहिली. पॅसेजमधला दिवा रात्रभर आत डोकावत होता. दीड महिना फुकट! पुढच्या वर्षी भोकांवर चिकटपट्टी लावली आणि पानांच्या बेचक्यांतून मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचे झुबके निघाले. कळ्या नीट दिसू लागल्या की खोक्याची गरज संपली.

या काळात खत बंद ठेवा. दुप्पट झालेलं झाड म्हणजे नत्र जास्तच झालंय. पाणी माती वरून सुकल्यावरच.

ख्रिसमस कॅक्टस असेल तर त्यालाही हाच उपाय चालतो. पण त्याला कळ्या आल्यावर कुंडीची जागा बदलू नका, कळ्या पटापट गळतात. आणि उत्साहाच्या भरात आफ्रिकन व्हायोलेटवर खोकं घालू नका. तिची तऱ्हा उलटी, तिला १२ तास तरी उजेड लागतो.