१९४८ मध्ये एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, आल्यावर इंग्लंडमधल्या कौन्सिलांकडे (स्थानिक स्वराज्य संस्थांकडे) आरोग्याचं काही काम उरलं का?

हो, बरंच उरलं, हॉस्पिटलं तेवढी त्यांच्या हातून गेली. १९४६ च्या एनएचएस कायद्याचा तिसरा भाग याच कामांचा होता, म्हणजे घरी येणारी सुईण आणि नर्स, हेल्थ व्हिजिटर (घरी येऊन आई-बाळाच्या तब्येतीबद्दल सल्ला देणारी नर्स), लसीकरण, अँब्युलन्स, आई-बाळांचे दवाखाने, हे सगळं काउंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे, वर मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, म्हणजे कौन्सिलचा मुख्य आरोग्य अधिकारी, आणि हे १९७४ पर्यंत असंच चाललं. दवाखान्यात बाळाचं वजन व्हायचं आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच दुधाची पावडर, संत्र्याचा रस, कॉडलिव्हर ऑइल मिळायचं, गरिबाघरच्या पोरांना त्याचा केवढा आधार होता! मात्र सगळंच फुकट नव्हतं, बाळंतपणात किंवा आजारपणात घरकामाला येणाऱ्या होम हेल्पचे पैसे कौन्सिल ऐपत बघून घेऊ शकत होती.