पहाटे चारला उठवणारी ठमी

प्रश्न : ताई नमस्कार. आमची ठमी अडीच वर्षांची आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात भिजलेली सापडली होती तेव्हापासून आमच्याकडेच. नसबंदीचं ऑपरेशन झालंय, इंजेक्शनं वेळेवर, तब्येत एकदम छान. पण गेले चार-पाच महिने रोज पहाटे चारला ती सुरू होते. आधी दाराशी ओरडणार, मग पलंगावर उडी, मग माझ्या गालावर पंजा, तरी नाही उठले तर टेबलावरच्या वस्तू एकेक करून खाली पाडणार. मला सव्वासातची लोकल असते. शेवटी सासूबाई उठतात, तिला वाटीभर दूध देतात, मग ती गप्प. कधी मीच जरा कोरडं खाणं टाकते. रागावून झालं, पाण्याचा फवारा मारून झाला, आता मला बघून ती पळते पण चारचा कार्यक्रम काही चुकत नाही. दिवसभर मात्र नुसती झोपलेली. अशा हट्टी मांजराला दिनक्रम लागतो का हो? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लागतो, आणि हट्टी मांजराला तर जास्त पक्का लागतो. ठमीकडे बघा ना, घड्याळ नसताना रोज चारला उठतेय, म्हणजे वेळ पाळणं तिला उत्तम जमतं. फक्त ही वेळ तिला तुमच्याच घरातून शिकवली गेलीय. ओरडलं की दूध येतं, थोडं जास्त ओरडलं की कोरडं खाणं येतं. त्यातही रोज नाही, कधी मिळतं कधी नाही, आणि हे सगळ्यात चिवट शिक्षण असतं, कारण आज नाही मिळालं तर अजून जरा ओरडून बघू असं तिला वाटत राहतं.

आता चारच का, तर मांजर हा प्राणीच मुळात पहाटेचा आणि कातरवेळेचा. आपल्या घरातली मांजरं ज्या आफ्रिकन रानमांजरापासून आली ते अशाच अंधुक उजेडात उंदीर टिपत हिंडतं. एक उंदीर म्हणजे दोन-चार घास, त्यामुळे दिवसरात्रीत बऱ्याच वेळा थोडं थोडं खायचं असं तिचं पोट बनलेलं आहे. तुम्ही रात्री आठला शेवटचं खायला दिलंत तर चारला आठ तास होतात, तिला खरंच भूक लागलेली असते हो, ती तुम्हाला मुद्दाम छळत नाहीये. आणि दिवसभर घरात करायला काही नाही म्हणून झोप पूर्ण झालेली. मांजर 24 तासातले 12 ते 16 तास झोपतंच, पण ते कुठले तास हे बरंचसं घर ठरवतं.

मांजराच्या अंगात एक क्रम असतो – शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप. तोच आपण रात्री वापरायचा. झोपायच्या आधी साधारण अर्धा तास, म्हणजे तुमच्याकडे साडेदहा धरू, काठीला दोरी आणि दोरीला पीस किंवा चिंधी बांधून 10-15 मिनिटं तिला पळवा. तिच्या तोंडासमोर नाचवू नका, उंदीर कधी मांजराच्या तोंडावर येऊन नाचत नाही, तिच्यापासून लांब पळवा, दाराआड लपवा, थांबवा, परत हलवा. शेवटी वेग कमी करा आणि तिला ते धरू द्या. हे धरू देणं फार महत्त्वाचं आहे, नुसता लेझरचा ठिपका फिरवला तर हाती काहीच लागत नाही आणि मांजर चिडचिडं होऊन बसतं. धरलं की लगेच दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण. मग ती आपोआप अंग चाटत बसेल आणि झोपेल.

सकाळचा भाग जरा अवघड आहे. तुम्ही उठलात की तिला खाणं, असं अजिबात ठेवू नका, कारण मग तुम्हाला उठवणं हेच तिचं काम होतं. माझ्याकडे काळू नावाचा बोका होता, त्याला मी अलार्म वाजला की खायला द्यायचे, तर काही दिवसांनी तो अलार्मच्या आधीच उशाशी येऊन बसायला लागला, मी कूस बदलली की ओरडा. मग मी त्याचं खाणं चहाशी बांधलं. माझा चहा होऊन भांडं घासून पालथं घातलं की त्याची वाटी, त्याच्या आधी नाही. दोन-तीन आठवड्यांत तो पलंग सोडून ओट्याखाली येऊन बसायला लागला, कारण खाण्याची खूण तिथे होती. तुम्ही अंघोळीशी बांधा, देवाच्या दिव्याशी बांधा, पण उठल्यानंतर किमान अर्ध्या तासाने असू दे.

परवडत असेल तर टायमरवालं खाण्याचं भांडं घ्या. सुरुवातीला ते पावणेचारला उघडेल असं लावा, म्हणजे ती ओरडायच्या आधीच खाणं येईल, मग दर तीन-चार दिवसांनी 10-15 मिनिटं पुढे ढकलत साडेपाच-सहापर्यंत न्या. मांजर मशीनशी भांडत बसत नाही, फार तर त्याच्यासमोर जाऊन बसेल, पण तुमच्या छातीवर तरी बसणार नाही.

आणि हे आधीच सांगून ठेवते, पहिल्या आठवड्यात ओरडणं वाढेल. जे इतके दिवस चालत होतं ते अचानक चालेनासं झालं की मांजर आधी जोर वाढवून बघतं, आणि नेमकं तेव्हाच घरातले लोक हरतात. सहाव्या दिवशी दूध दिलंत तर ती शिकेल की सहा दिवस ओरडावं लागतं. म्हणून सुरू करायचं तर घरातल्या सगळ्यांनी ठरवून, सुट्टीला जोडून सुरू करा. तेवढ्या दिवसांत टेबलावरच्या फुटणाऱ्या वस्तू कपाटात ठेवा. रागावायचं नाही, नाव घ्यायचं नाही, डोळेसुद्धा उघडायचे नाहीत. पाण्याचा फवारा कृपा करून बंद करा, त्याने चारची सवय सुटत नाही हे तुम्ही बघितलंयच, फक्त तिचा तुमच्यावरचा विश्वास जातो आणि तो परत मिळवायला महिने लागतात.

सासूबाईंबद्दल मला मनापासून सांगायचंय. त्यांना "तुमच्यामुळे लाडावलीय" असं म्हणू नका. त्या झोपमोड करून उठतात ते मांजर उपाशी राहू नये म्हणून. त्यांच्याकडून चारचं दूध काढून घ्यायचं असेल तर बदल्यात ठमीची दुसरी एखादी वेळ त्यांच्या हातात द्या. दुपारी एकचं थोडंसं खाणं आणि संध्याकाळी सहाचं खाणं, ही दोन्ही फक्त आजीच्या हातून. दुपारी खिडकीत बसून त्यांनी दोरी हलवली तरी पुरे, दोघींचा वेळ जातो आणि ठमीची दुपारची झोप तुटून रात्रीकडे सरकते. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कोरड्या खाण्याचे दाणे लपवून द्यायलाही सांगा, पंजाने काढून खाण्यात तिचा अर्धा तास मस्त जातो. पार्सलचे खोके टाकू नका. आणि खिडकीला जाळी नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ती लावा.

दूध तसंही बंदच करायला हवं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. दिवसाचं एकूण खाणं मात्र तेवढंच ठेवा, साधारण 4 किलोच्या, ऑपरेशन झालेल्या घरातल्या मांजराला दिवसाला 200 कॅलरीच्या आसपास लागतात, पाकिटावर बघून सकाळीच वजनकाट्यावर मोजून एका डब्यात काढा आणि त्यातलंच चार वेळा द्या, नाहीतर प्रत्येकजण आपापल्या हाताने घालतो आणि मांजर गोल होतं. पण हट्ट मोडायचा म्हणून कधीही उपाशी ठेवू नका. मांजर, त्यातून जाडं मांजर, दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. एक पूर्ण दिवस खाल्लं नाही तर डॉक्टरांकडे.

प्रश्न : आमची मनी दिवसभर आगरात हिंडते, घरी येते तिच्या मर्जीने. हाका मारून घसा बसतो, ती पडवीच्या छपरावरून नुसती बघत राहते. हल्ली आमच्या वाडीत बिबट्या येतो, गेल्या महिन्यात शेजाऱ्यांचा कुत्रा नेला. तिन्हीसांजेला ती घरात यावी एवढंच म्हणणं आहे. पडवीत तिच्यासाठी दही-भात कायम ठेवलेला असतो, कधी माशाचं पाणी घालतो. – एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : काका, तुमची काळजी अगदी बरोबर आहे, बिबट्या मांजरही नेतो. आधी पडवीतली ती दही-भाताची वाटी उचला. खाणं कायम मांडलेलं असेल तर तिने तुमच्या हाकेला का यावं. खाणं फक्त घरात आणि फक्त दोन वेळा, सकाळी थोडं आणि संध्याकाळी अंधार पडायच्या तासभर आधी चांगलं पोटभर. दुपारचं काही नाही.

मग एक आवाज ठरवा. हाक नको, कारण तिचं नाव तुम्ही दिवसात पन्नास वेळा घेता, त्यातल्या एकदाही काही मिळत नाही. स्टीलच्या ताटलीवर चमचा तीनदा वाजवा, तोही फक्त संध्याकाळच्या जेवणाला, बाकी कधीच नाही. पहिले दोन-तीन दिवस ती जवळ असतानाच वाजवायचं आणि लगेच द्यायचं, नंतर लांबून. सुरुवातीला एखादा उकडलेला बांगड्याचा तुकडा असू दे, काटे काढून. आठवड्याभरात आवाज ऐकून धावत येईल. आत आली की लगेच दार बंद करून तिला धरायला जाऊ नका, नाहीतर ताटलीचा आवाज म्हणजे कोंडणं असं डोक्यात बसेल. जेवू द्या, अंग चाटू द्या, मग हळूच दार लावा. रात्रीसाठी पसरट घमेल्यात आगरातलीच वाळू-माती भरून कोपऱ्यात ठेवा. पहिल्या काही रात्री दाराशी ओरडेल, तेव्हा उघडलंत तर वरच्या ठमीसारखं होईल. ऑपरेशन झालं नसेल तर तेही करून घ्या, माजावर आलेली मांजर कुठल्याच ताटलीला ऐकत नाही.

आणि दही-भातावर मांजर जगतं असं आपण पिढ्यानपिढ्या बघितलंय, पण ती खरं तर उंदीर-सरडे खाऊन जगत होती आणि वर आपला भात. टॉरीन नावाचं एक द्रव्य मांजराला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात, हृदयाचं तर 1987 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सिद्ध केलं आणि त्यानंतर तयार खाण्यांत टॉरीन वाढवायला लागले. मनी आता रात्री आत राहणार म्हणजे तिची रात्रीची शिकार बंद, तेव्हा मासे-चिकन जास्त आणि भात नावापुरता करा. मीठ, कांदा, लसूण काही न घालता उकडा आणि उकडलेलं पाणी टाकू नका, टॉरीन त्यात उतरलेलं असतं. सुकट देऊ नका, फार मीठ असतं. हे सगळं करूनही घरचं खाणं पुरं पडेलच असं नाही, म्हणून रोज थोडं तयार खाणं सोबत द्या.

प्रश्न : आमचा बोका 14 वर्षांचा. आयुष्यभर शहाणा, पण महिन्याभरापासून रात्री दोन-तीनला उठून मोठ्याने रडल्यासारखा ओरडतो. खातो भरपूर, तरी बारीक झालाय. म्हातारपणी हट्टी झालाय का? त्याला शिस्त कशी लावू? – एक वाचक, नागपूर

उत्तर : याला शिस्त नको, डॉक्टर हवा, आणि याच आठवड्यात. इतक्या वर्षांत न केलेली गोष्ट म्हातारं मांजर अचानक करायला लागलं तर ते काहीतरी सांगत असतं. भरपूर खाऊन बारीक होणं आणि रात्री ओरडणं यात पहिला संशय थायरॉइड वाढल्याचा येतो, मग मूत्रपिंड, साखर, ब्लडप्रेशर, सांधेदुखी, कमी ऐकू येणं किंवा दिसणं. रक्त आणि लघवी तपासा, टी-4 ही थायरॉइडची तपासणी सांगून करून घ्या, आणि ब्लडप्रेशर मोजायची सोय आहे का ते आधीच विचारा. थायरॉइडला गोळ्या आहेत आणि त्यावर मांजरं पुढे छान जगतात. दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला एक गोळीसुद्धा मारू शकते. आणि तो लघवीला बसून नुसता जोर लावतोय, पण थेंब येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, बोक्यांमध्ये ही तासांची गोष्ट असते.

तोपर्यंत रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा चालू ठेवा, मातीचा ट्रे कमी उंचीच्या काठाचा आणि तो झोपतो त्याच खोलीत आणा. ओरडला तर ठमीच्या वेळी सांगितलं तसं गप्प पडून राहू नका, त्याच्याजवळ जा, हळू आवाजात बोला, पाठीवरून हात फिरवा.