बाल्कनीतले बुलबुल आणि आरशावरचा दयाळ

मार्च सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी ‘हा पक्षी कोणता’ असे विचारणारे वाचक या दिवसांत ‘आता काय करू’ असे विचारू लागतात, कारण विणीचा हंगाम पक्ष्यांना आपल्या अगदी उंबऱ्याशी आणून ठेवतो. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या बाल्कनीत टांगलेल्या मनीप्लांटच्या कुंडीत बुलबुलाने घरटे बांधले असून त्यात तीन अंडी आहेत. झाडाला पाणी घालावे का? कावळ्याच्या भीतीने घरटे घरात घेतले तर चालेल का? नातवंडांना ते जवळून पाहायचे आहे. (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : शेपटीखाली लाल डाग असेल, तर हा बहुधा लालबुड्या बुलबुल असावा. घरटे कृपया जागचे हलवू नका. बुलबुल जागा ओळखून परततो; कुंडी घरात गेली तर तो रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालील आणि अंडी थंड पडतील. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे किंवा घरटे विस्कटणे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीच्या व्याख्येत येते, हेही घरातील सर्वांना सांगून ठेवावे. पाणी मात्र अवश्य घाला, कारण वेलीची पानेच त्या घरट्यावर सावली धरून आहेत. पक्षी घरट्यावर नसताना, घरट्याच्या विरुद्ध बाजूने, मातीत हळूहळू पाणी सोडावे म्हणजे घरटे भिजणार नाही.

अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात आणि त्यानंतर सुमारे बारा-तेरा दिवसांत पिल्ले घरटे सोडतात, म्हणजे सगळा मामला जेमतेम महिन्याभराचा आहे. नातवंडांना तो खोलीच्या आतून, पडद्याच्या फटीतून पाहू द्या. पिल्लू चोच वासते, पालक त्यात किडा घालतो आणि लगेच उडत नाही, क्षणभर थांबतो. मग पिल्लू पाठ फिरवून विष्ठेची एक पांढरी, पातळ आवरणातली गोळी बाहेर टाकते आणि पालक ती चोचीत धरून दूर नेऊन टाकतो. घरटे स्वच्छ राहते आणि वासावरून किंवा खुणेवरून शत्रूला त्याचा माग लागणे अवघड होते. भर दुपारी ऊन घरट्यावर आले, तर पालक पंख अर्धवट पसरून, चोच उघडी ठेवून, धापा टाकत पिल्लांवर उभा राहतो. मुलांनी हे एकदा पाहिले की ‘गप्प बसा’ असे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

कावळ्याबाबतची तुमची काळजी रास्त आहे. त्यावरचा उपाय मात्र आपण स्वतः कमी वेळा जवळ जाणे हाच आहे, कारण पक्षी दचकून उडाला की घरट्याची जागा उघडी पडते. फ्लॅश लावून फोटो काढणे पूर्णपणे टाळावे. इतके करूनही कावळा, भारद्वाज किंवा मांजर घरटे लुटू शकते. तसे झाल्यास वाईट वाटेल, पण बुलबुल पुष्कळदा त्याच हंगामात दुसरे घरटे बांधतात.

आणखी एक गोष्ट आताच लक्षात ठेवा. पिल्ले घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना नीट उडता येत नाही. आखूड शेपटीचे, पिसे फुटलेले पिल्लू बाल्कनीच्या फरशीवर दिसले, तर ते ‘पडले’ असे समजून उचलू नका. मांजराला दूर ठेवा आणि दार लावून घ्या, पालक त्याला तेथेच भरवतील. पिल्लू अगदी उघडे, बिनपिसांचे असेल तर मात्र ते हलक्या हाताने घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की पालक पिल्लाला टाकतात, हा समज खरा नाही. दूध पाजू नये आणि ड्रॉपरने चोचीत पाणीही सोडू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावते.

प्रश्न : अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशावर एक काळा-पांढरा पक्षी रोज सकाळी चोची मारतो. त्याला इजा होईल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : वर्णनावरून तो दयाळाचा नर आहे; मादीच्या अंगावर काळ्याऐवजी राखाडी रंग असतो. थंडीत जवळजवळ मुका असणारा हा पक्षी उन्हाळ्यात पहाटे उंच टोकावर बसून फार सुरेल गातो आणि आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. आरशातला ‘दुसरा नर’ हरत नाही आणि पळतही नाही, म्हणून झुंज संपत नाही. गंभीर जखम क्वचितच होते. वाया जातात ती शक्ती आणि पिल्लांना भरवण्याचा वेळ. आरशावर कापडी पिशवी बांधा. खिडकीच्या काचेवर असे होत असेल तर कागद बाहेरच्या बाजूने लावावा, कारण आतून पडदा ओढल्याने प्रतिबिंब बहुधा तसेच राहते.

प्रश्न : आमच्या कडुनिंबावर कावळा एका काळसर, ठिपकेदार पिल्लाला भरवत होता. पिल्लू कावळ्याचे दिसत नव्हते. कावळ्याला ते कळत नाही का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुम्ही कोकिळेचे पिल्लू पाहिले, आणि असे दृश्य नजरेस पडणे हे भाग्यच म्हणायचे. कोकीळ नर कावळ्यांसमोर येऊन त्यांना आपल्या मागे पळवतो आणि तेवढ्या वेळात तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची मादी घरट्यात अंडे घालते. ते अंडे कावळ्याच्या अंड्याहून लहान असते आणि आधी उबते, त्यामुळे या पिल्लाला वाढीत आघाडी मिळते. इतर काही कोकीळवर्गीय पक्ष्यांची पिल्ले यजमानाची अंडी घरट्याबाहेर ढकलतात. येथे तसे सहसा होत नाही आणि कावळ्याचे एखादे पिल्लूही सोबत वाढते. कावळा इतका हुशार असूनही फसतो, याचे कारण वासलेली चोच आणि भुकेची हाक यांना प्रतिसाद देणे ही त्याच्या पालकपणातली अतिशय बळकट प्रेरणा आहे. ती सैल असती तर त्याची स्वतःची पिल्लेही जगली नसती. उडू लागलेल्या या पिल्लाला पुढे वड, उंबर, पिंपळाची फळे पुरतात आणि ज्यांनी भरवले तेच कावळे त्याचा पाठलाग करताना दिसतात.

प्रश्न : घराभोवतीच्या पक्ष्यांची नोंदवही ठेवायची आहे. काय लिहावे? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करत होता हे त्याच दिवशी लिहावे. नाव ठाऊक नसल्यास चोचीचा आकार, शेपटीची हालचाल आणि आवाज टिपावा; नाव मागाहून मिळते. पहिल्या दर्शनाच्या तारखा सर्वांत मोलाच्या ठरतात. पावसाच्या तोंडावर चातक कधी ऐकू आला ते टिपा. सप्टेंबरच्या सुमारास पाणवठ्याकाठी पिवळसर पोटाचा, लांब शेपटी सतत खालीवर हलवणारा करडा धोबी दिसू लागेल. तो हिमालयाकडून आलेला असेल. त्याची तारीख दरवर्षी एकाच पानावर, एकाखाली एक लिहीत जा.