रुग्ण म्हणतो ‘पुसा’, डेव्हलपर म्हणतो ‘पुसता येत नाही’

प्रश्न : आम्ही तिघे डॉक्टर भागीदारीत दवाखाने चालवतो. आमच्या मोबाइल ॲपमधले रिपोर्ट आणि प्रिस्क्रिप्शन खासगी ब्लॉकचेनवर (एकमेकांना जोडलेल्या नोंदींच्या साखळीवर) जातात. तिची प्रत ठेवणारे संगणक, म्हणजे नोड, आमच्याकडे, लॅबकडे आणि औषध दुकानाकडे आहेत. एका रुग्णाने आपली सगळी माहिती काढून टाकायला लेखी सांगितलं आहे. डेव्हलपर म्हणतो, ब्लॉकचेनवरून पुसता येत नाही. जबाबदारी कोणाची?

उत्तर : रुग्णाच्या दृष्टीने जबाबदारी तुमची, डेव्हलपरची नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये भागीदारी संस्थाही येते. याच कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत मोडतात. त्या गरजेपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाहीत आणि रुग्ण आपली संमती लेखी कळवून मागे घेऊ शकतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क स्पष्ट आहे, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो.

मात्र आज घाईने सगळं पुसू नका. आंतररुग्णाच्या (दाखल करून घेतलेल्या रुग्णाच्या) नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपणं वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं असते, तेव्हा वाद होण्याची शक्यता असेल तर तेवढ्या नोंदी ठेवा. कोणती नोंद, किती काळ आणि का ठेवत आहात, हे रुग्णाला एका महिन्याच्या आत लेखी कळवा. ॲपमधून नोंद दिसेनाशी करून ‘डिलीट केली’ असं मात्र लिहून देऊ नका. प्रत तिन्ही नोडवर असतेच, आणि खोटं उत्तर मूळ चुकीपेक्षा महागात पडतं.

खरा दोष रचनेत आहे. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश (मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा छोटा कोड) असतो, त्यामुळे मधला मजकूर बदलला की साखळी जुळत नाही. म्हणूनच रिपोर्ट साखळीवर ठेवायचाच नसतो. फाइल भारतातल्या सर्व्हरवर एईएस-२५६ या पद्धतीने कूटबद्ध करून (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) ठेवा, प्रत्येक रुग्णाची किल्ली वेगळी. साखळीवर फक्त हॅश, वेळ आणि कोणी पाहिलं याची नोंद. पुसायची वेळ आली की फाइल आणि किल्ली दोन्ही नष्ट करायची. रुग्णाची ओळख म्हणून नुसत्या मोबाइल नंबरचा हॅश चालणार नाही: दहा आकड्यांच्या सगळ्या शक्यता साधा संगणकही तपासून नंबर शोधून काढतो. त्यात प्रत्येक नोंदीसाठी ३२ बाइटचं वेगळं सॉल्ट (कसाही अंदाज न येणारा यादृच्छिक मजकूर) मिसळा आणि तेही साखळीबाहेर ठेवा.

आतापर्यंत साखळीवर गेलेल्या रिपोर्टसाठी नवं नेटवर्क उभारावं लागेल. हव्या त्या नोंदी बाहेर काढा. त्यांचे हॅश घेऊन ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ते लागतात. मग जुने लेजर (साखळीची नोंदवही) तिन्ही नोडवरून पुसा. बॅकअप हमखास विसरले जातात, तेही पुसा. लॅब आणि औषध दुकानाकडून पुसल्याचं सहीनिशी पत्र घ्या.

एखादी फाइल उघड्या स्वरूपात सार्वजनिक साखळीवर गेलेली आढळली, तर ती डेटा गळती समजा आणि लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा.

डेव्हलपरशी झालेला करार काढून बघा. पुसण्याच्या मागणीवर किती दिवसांत कारवाई करायची आणि नुकसानभरपाई कोण देणार, ही दोन कलमं नसतील तर नव्या कामाचा पैसा देण्याआधी पुरवणी करार करून घ्या.