चिलेटेड खनिजं घ्यावीत का? ब्रॉयलरवाल्यांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न: शेडमध्ये तीन हजार पक्षी आहेत, खाद्य घरीच मिसळतो. दुकानदार म्हणतो, सल्फेटची खनिजं सोडा, 'ऑरगॅनिक' घ्या. पण ती बरीच महाग आहेत. घेऊ का? चौथ्या आठवड्यात काही पक्षी लंगडतात, ते त्यानं थांबेल का?

उत्तर: आधी नावाचा घोळ मिटवू. या 'ऑरगॅनिक'चा सेंद्रिय शेतीशी काही संबंध नाही. जस्त, मँगनीज, तांबं तेच; फक्त ते अमिनो आम्लाला किंवा प्रथिनाच्या तुकड्याला बांधलेलं असतं. म्हणून त्याला चिलेटेड म्हणतात. सल्फेट आणि ऑक्साइड म्हणजे इनऑरगॅनिक.

खरा फरक आतड्यात पडतो. जठरातल्या आम्लात सल्फेट विरघळून जस्त मोकळं होतं. पुढे आतड्यात आम्लता उतरली की मका आणि सोयापेंडीतलं फायटेट (दाण्यात फॉस्फरस साठवणारं द्रव्य) त्याला धरून बसतं. त्यात चुनखडी अंदाजपंचे टाकून कॅल्शियम वाढलेलं असेल तर ही पकड आणखी घट्ट होते, आणि जस्त विष्ठेवाटे लिटरमध्ये, म्हणजे शेडमधल्या तुसाच्या थरात, जातं. चिलेटेड जस्त या पकडीतून बऱ्यापैकी सुटतं.

म्हणून सल्फेटइतक्याच मात्रेत चिलेटेड टाकाल तर जादा पैसे लिटरमध्येच गेले म्हणून समजा. त्याचा फायदा मात्रा कमी करण्यात आहे. हिशेब बघा. टनाला 100 ग्रॅम जस्त द्यायचं, तर 35 टक्के जस्ताचं झिंक सल्फेट सुमारे 286 ग्रॅम लागेल. तेच 22 टक्क्यांचं असेल तर 455 ग्रॅम. गोणीवर दोन्हींचं नाव 'झिंक सल्फेट'च! चिलेटेडमधून 60 ग्रॅम जस्त द्यायचं ठरवलं आणि माल 20 टक्क्यांचा असला, तर 300 ग्रॅम. आता किलोचा दर न बघता या वजनांची किंमत काढा. लेबलवर मूळ धातूची टक्केवारी नसेल तर तो माल घेऊच नका.

तुमच्यासारख्यानं पूर्ण बदल करण्याची घाई करू नये. एका बॅचला जस्त आणि मँगनीज निम्मं चिलेटेड, निम्मं सल्फेट देऊन एफसीआर (किलोभर वजन वाढायला किती खाद्य लागलं ते), मर आणि तळपायाच्या जखमा वहीत लिहा. आधी चुनखडी मोजून टाका, फायटेज (फायटेट तोडणारं विकर) वापरा. एवढ्यानंही सल्फेटमधलं जस्त जास्त अंगी लागतं. कंपनीचं खाद्य घेणाऱ्यांनी मात्र वरून काहीच मिसळू नये.

जाता जाता, पाण्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) सोडायची सवय असेल तर आवरा. मात्रा चुकली की जठराला आतून जखमा होतात.

आता लंगडण्याचं. मँगनीज कमी पडलं की घोटा सुजतो, मागची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बाजूला सरकते आणि पाय वाकडा होतो. बोटानं चाचपलं की कळतं. पण असाच पाय कोलीन किंवा बायोटिन (ब गटातली पोषकं) कमी असेल तरी होतो. शीर जागेवर असेल तर ओलं लिटर, सांध्यातला जंतुसंसर्ग, फॉस्फरस किंवा ड-३ जीवनसत्त्व कमी, अशी कारणं शोधावी लागतील. एकदा शीर सरकलेला पाय कोणत्याही पुडीनं सरळ होत नाही. येताना खाद्य कसं मिसळता त्याची चिठ्ठी, खनिजाच्या गोणीचं लेबल आणि एक लंगडा पक्षी घेऊन दवाखान्यात या.