नवी डिस्क, नवे पॅड, तरी पॅडल ठोके का देतं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गाडीच्या पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) आणि त्यांना दाबणारे पॅड नवे टाकून दीडेक हजार किलोमीटर झाले. सुरुवातीला ब्रेक छान लागायचे, आता कन्नडचा घाट उतरताना पॅडल पायाला ठोके देतं आणि स्टिअरिंगही थरथरतं. गॅरेजवाले म्हणतात डिस्क वाकली, लेथवर घासून घेऊ. माझं ऐकाल तर इतक्यात लेथवर जाऊ नका.

तुमच्या सांगण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे 'सुरुवातीला छान लागायचे' ही. डिस्कच खराब आली असती तर बहुतेक पहिल्या दिवशीच कळलं असतं. हजार-दोन हजार किलोमीटरनंतर ठोके सुरू होतात तेव्हा माझा पहिला संशय डिस्क जिथे बसते त्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर जातो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चाकात भरते, वाळून घट्ट बसते, वर गंज चढतो. जुनी डिस्क हातोडीने ठोकून काढतात आणि नवी त्याच खपल्यांवर चढवतात. हबवर केसाएवढा कण राहिला तरी डिस्कच्या कडेला तो फरक वाढून दिसतो. डिस्क किंचित डुलत फिरते. बऱ्याच गाड्यांमध्ये हे डुलणं 0.05 मिलिमीटरच्या आसपास चालतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

नुसत्या डुलण्याने पॅडल ठोके देत नाही, कारण कॅलिपर (पॅड धरून ठेवणारा भाग) पिनांवर सरकून डिस्कबरोबर हलतो. पण ब्रेक न दाबताही डिस्कची तीच जागा दर फेऱ्याला पॅडला घासून जाते. चाकाचा घेर 1.8 मीटर धरला तर 1500 किलोमीटरमध्ये आठ लाखांवर फेरे होतात. तेवढ्यात ती जागा झिजते आणि डिस्क कुठे जाड, कुठे पातळ होते. जाड भाग पॅडमधून जाताना पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक ऑइल मागे येतं आणि पाय उचलल्यासारखा होतो. एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरकसुद्धा पायाला कळतो. म्हणजे डिस्क 'वाकलेली' नसते, असमान झिजलेली असते. लेथवर ती सरळ होईल, पण परत त्याच घाणेरड्या हबवर बसवली की महिन्या-दोन महिन्यांत ठोके परत येणार. माझ्या गाडीची एक जोडी मी अशीच दोनदा घासून घेतली आणि शेवटी फेकून दिली. तिसऱ्या वेळी जालन्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी डिस्क काढून हबवरून बोट फिरवायला लावलं. नखाला खपली लागली. दोन वेळचे पैसे त्या खपलीपायी गेले होते.

आधी दोष पुढचा की मागचा ते ठरवा. स्टिअरिंग थरथरतंय म्हणजे बहुधा पुढचाच. तरी मोकळ्या, सपाट रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, तीसच्या वेगात बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढा. मागच्या चाकांवर चालणारा लिव्हरचा हँडब्रेक असेल तरच, आणि ओल्या रस्त्यावर अजिबात नाही. तेव्हाही ठोके आले तर मागचे ड्रम गोल राहिलेले नाहीत. वेगाबरोबर ठोके मंदावतात का, हेही बघा. मंदावले तर चाकाशी संबंधित. गाडी थांबता थांबता, कोरड्या रस्त्यावर, जोरात ब्रेक न मारताही पॅडलखाली घर्रर्र होत असेल तर एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरकडे बघा. हब किंवा बेअरिंगला हात लागल्यावर हे होऊ शकतं.

मग चाक काढा. डिस्क उतरवून हबची डिस्क टेकते ती बाजू वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. नट येतात त्या स्टडच्या बुडाशी खास बघा, गंज तिथेच लपतो. डिस्कची आतली बाजूही साफ करा. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजा. परत बसवून, सगळे नट वॉशर घालून आवळून, कडेपासून साधारण सेंटिमीटरभर आत डायल गेज (डुलणं मोजणारं काट्याचं मापक) लावा आणि हाताने फिरवा. डुलणं जास्त आलं तर डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजा. कित्येकदा तेवढ्याने बसतं. नाहीच बसलं तर हब किंवा बेअरिंग तपासा. जाडीत फरक पडला असेल तर आता लेथवर जा, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली नाही.

कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने सहज हलल्या पाहिजेत. चाकाचे नट हवेच्या गनने थेट आवळू देऊ नका. समोरासमोरचे नट घेत, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्याने) आवळा. नट कमी-जास्त आवळले तरी डिस्क डुलते.

शेवटी पॅड डिस्कवर रुळवायचे. साठच्या वेगावरून पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा आणि नंतर थोडं अंतर ब्रेक न लावता चालवा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं की पॅडचा थर डिस्कवर छापला जातो आणि तोही ठोके देतो. घाट उतरून आल्या आल्या गाडी धुवायलाही नेऊ नका.

हे होईपर्यंत कन्नडचा घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. आणि आठ ठिकाणची मापं मला नक्की पाठवा, ती बघून डिस्क वाचेल की नाही ते सांगतो.