आधी कार्डाचं देणं संपव, होमलोन नंतर
अरे कर्जं बरीच झाली म्हणून आधी घाबरू नकोस, एक वही घे आणि कुणाचे किती द्यायचेत, व्याज किती आणि हप्ता कोणत्या तारखेला एवढंच लिही, ताईच्या लग्नाला काकांकडून घेतलेले पण लिही. मग क्रेडिट कार्डाच्या मागे लाग. बऱ्याच कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला 42 टक्के, आणि मिनिमम ड्यू (बिलावरची कमीत कमी भरायची रक्कम) भरला की सुटलो असं वाटतं ना, तसं नसतं, बाकी राहिली की नवीन खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून व्याज चालू (कार्ड विकायला येणारे हे बरोब्बर गाळतात). लाईट बिल, मेंटेनन्स पगाराच्याच दिवशी भरून टाक. होमलोन फ्लोटिंग (बदलत्या व्याजदराचं) असेल तर हप्त्यापेक्षा जास्तीचे भरायला दंड नाही, पण ते नंतर. काकांना मात्र आजच फोन कर, कधीपर्यंत देणार ते सांग.